शाळेच्या भिंतीतली महायुद्धाची पाटी: काढायची कशी, रंग कसा उतरवायचा?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
गावच्या जुन्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात १९१४-१९च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. नाव एकही नाही. साधारण दोन फूट बाय दीड फूट, इंचभर जाड. भिंतीबरोबर तिलाही रंग बसत गेल्यानं अक्षरं बुजलीत. आता ती खोली पाडायची आहे. ॲसिडनं धुऊन मशीननं पॉलिश करून देतो असं कंत्राटदार म्हणतोय. करू द्यावं का? आणि नावं कुठं मिळतील? गावात नुसतं 'मराठा लाइट इन्फंट्री' एवढंच सांगतात.

चुनारेती
ॲसिड अजिबात नको ओ. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फेस येतो तो मळ निघाल्याचा नव्हे, दगड विरघळल्याचा. मशीनचं पॉलिश त्याहून वाईट, कारण अक्षरांची खोली मुळातच कमी असते. तारेचा ब्रशही नको. लोखंडाचे कण अडकतात आणि आपल्याकडच्या पावसात तांबडे डाग धरतात.

आधी पाटी काढा, धुवायचं नंतर. खोलीला जेसीबी लागायच्या आत हे व्हायला पाहिजे. पहारीनं उचकटू नका. पाटीच्या वरचे आणि बाजूचे चिरे मोकळे करा, सांध्यातला चुना हॅक्सॉच्या पात्यानं कापत या. कोपऱ्यांत लोखंडी आकडे असतील तर ते गंजून फुगलेले असणार. तिथं ओढलं की कोपरा उडतो, म्हणून आकडाच कापा. वजन १९-२० किलो भरेल, दोघांना झेपतं. पण नेताना आडवी धरू नका, संगमरवर आडवा धरला की मधोमध तडकतो. मागं पाऊण इंची प्लायवूड आणि घोंगडी लावून उभीच न्या, उभीच ठेवा.

रंग कुठला ते कोपऱ्यात दोन इंचांवर बघा. डिस्टेंपर कोमट पाणी आणि नायलॉनच्या मऊ ब्रशनं सुटतो. चुन्याचे थर ओल्या फडक्याखाली भिजवून बांबूच्या पट्टीनं काढायचे. त्याला वेळ लागतो, पर्याय नाही. ऑइलपेंट असेल तर जेलवालं पेंट रिमूव्हर लावा, वर प्लास्टिक झाका, अर्ध्या तासानं लाकडी पट्टीनं उचला आणि साध्या पाण्यानं भरपूर धुवा. एका वेळी एकच थर. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. कॉस्टिक सोडा वापरला तर क्षार दगडात मुरतात, पुढं त्यांचे स्फटिक होऊन पृष्ठभाग पोपडतो.

आणि एक: अक्षरांत काळा रंग आहे की ठोकून बसवलेलं शिसं, हे आधी तपासा. नखानं ओरखडल्यावर करडं चमकलं तर शिसं. मग सँडपेपर लावायचा नाही, ती धूळ विषारी.

जुनीपलटण
'मराठा लाइट इन्फंट्री' एवढ्यावर शोध लागणार नाही. त्या वेळी पलटणी नंबरानं ओळखल्या जायच्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२च्या फेररचनेत त्या एकाच रेजिमेंटमध्ये आल्या आणि ११४वी बेळगावची प्रशिक्षण पलटण झाली.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणजे महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था. तिच्या वेबसाइटवर पलटणीचा नंबर टाका आणि जादा माहितीच्या रकान्यात 'बेळगाव' शोधा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. गावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी करून बघा, कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलंय. नुसत्या मराठा पलटणींवर थांबू नका, खेचरवाले आणि लेबर कोअरचे मृतही त्याच यादीत आहेत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेले बरेच जण बसरा स्मारकाच्या नोंदीत सापडतील. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी तिथल्या कूट शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ला तिथं शरणागती झाली. पण त्यानंतरची तारीख दिसली म्हणून लगेच 'कैदेत वारला' लिहू नका, पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

कुणाच्या घरी मेडल असेल तर कड वाचा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथंच कोरलेली असते. ब्रासोनं घासू देऊ नका, कडेवरचं नाव झिजतं.

मलप्रभाकाठ
छान. सापडलेली नावं पाटीवरच खाली कोरून घेतली तर? आणि नवीन खोलीत सिमेंटनं बसवू का?

चुनारेती
जुन्या पाटीला छिन्नी लावू नका. शेजारी काळ्या ग्रॅनाइटची वेगळी पाटी करा. कन्नड वर की मराठी वर, हा वाद झालाच तर नव्या पाटीवर होऊ दे, जुनी सुटते.

सिमेंट नको. त्यातले क्षार संगमरवरात उतरतात आणि पुढं काढायची वेळ आली तर पाटी फुटूनच निघते. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. आकडे स्टेनलेस स्टीलचे. जमिनीपासून तीन फुटांच्या वर, नैर्ऋत्येचा पाऊस लागणार नाही अशा आतल्या भिंतीला.

हात लावायच्या आधी एसडीएमसीचा (शाळेच्या समितीचा) ठराव आणि पंचायतीत पीडीओचा (पंचायत विकास अधिकाऱ्याचा) शेरा घ्या, फोटो आणि मापांसकट. फोटो रात्री काढा, टॉर्च एका बाजूनं पाटीला जवळजवळ चिकटवून. सावलीमुळं रंगाखालचे आकडेही वाचता येतात.