छडी गेली, मग त्या जागी काय?

शाळेतल्या शिस्तीबद्दल एकांनी लिहिलंय की छडी गेली आणि ‘संवाद’ आला, म्हणजे पोरांचे नुसते लाड. मला नाही पटत. छडी कायद्यानेच गेली आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, त्यात मानसिक छळालाही बंदी आहे.

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी घराघरात शिरलं. अशा अनुभवानंतर जोराची सर आली की एखादं पोर खिडकीकडेच बघत बसतं, हाक मारली तर दचकतं, नाहीतर शेजारच्याला ढकलून देतं. त्याला उनाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण भेदरलेलं मूल धोका शोधत असतं, पाढे त्याच्या डोक्यात शिरायचे कसे? दिवसाचा ठरलेला क्रम आणि ‘आज शाळा लवकर सुटेल’ हे सकाळीच सांगणं, एवढ्यानेही फरक पडतो.

ढकललं ते सोडून द्यायचं का? अजिबात नाही. दोघं तयार असतील तर समोरासमोर बसवायचं: काय झालं, कोणाला त्रास झाला, आता ते कसं निस्तरणार? न्यूझीलंडने 1989 च्या कायद्यात अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कुटुंबासह बैठक आणली, तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या परंपरेच्या आधाराने. ही पद्धत त्याच वळणाची. जबरदस्तीचं ‘सॉरी म्हण’ यात बसत नाही. आणि कोणी सतत दादागिरी करत असेल, तर सोसणाऱ्याला त्याच्यासमोर घाईने बसवूच नये.

या सगळ्याला वेळ लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत तो वेळ कुठून आणायचा?