कॅम्री घ्यावी की हायलक्स? घाट, शेत आणि पुण्याच्या फेऱ्या

यवतेश्वर_वळण (सातारा):
नमस्कार मंडळी. जुनी सेडान काढायची आहे आणि मन टोयोटाच्या दोन टोकांच्या गाड्यांत अडकले आहे: कॅम्री हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली सेडान) आणि हायलक्स (मागे उघडा हौदा असलेला पिकअप). पुण्याला नेहमी जाणे-येणे असते आणि आई-वडील मागे बसतात. ठोसेघरकडे शेत आहे. पावसाळ्यात तिथला शेवटचा तुकडा नुसता चिखल असतो. घाटात गाडी चालवण्याची मला मनापासून आवड आहे, त्यामुळे चालवण्याचा आनंद कोणत्या गाडीत अधिक मिळेल, हेही सांगावे.

कृष्णाकाठ (कऱ्हाड):
मागे आई-वडील बसणार असतील, तर माझे मत स्पष्टपणे कॅम्रीला आहे. हायलक्सच्या मागच्या अखंड ॲक्सलला (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकाच आसाला) पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, आहेत. ते हौद्यातला माल पेलण्याच्या हिशेबाने बसवलेले असल्यामुळे हौदा रिकामा असताना दबत नाहीत आणि प्रत्येक गतिरोधकावर मागचा माणूस उसळतो. तिच्याच जातकुळीतल्या फॉर्च्युनरला मागे कॉइल (वेटोळ्यांच्या) स्प्रिंग आहेत, म्हणून फॉर्च्युनरच्या अनुभवावरून हायलक्सचा अंदाज बांधू नये. कॅम्रीची चारही चाके स्वतंत्रपणे हलतात, शिवाय गाडी बुटकी असल्याने पसरणी घाटाच्या वळणांत अंग फारसे झुकत नाही. उतारावर ब्रेक लावताना बॅटरी भरते आणि शहरातल्या कोंडीत इंजिन बराच वेळ बंद राहते. गिअर बदलण्याचे सुख मात्र तिच्यात नाही.

मिरजेचा_चालक:
कृष्णाकाठ यांचे पाट्यांबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण चिखलाचा प्रश्न त्यांनी सोडूनच दिला. कॅम्रीची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते आणि तिचे पोटही खाली आहे, त्यामुळे चाकोरी खोल झाली की ती तिथेच बसेल. हायलक्सला लो-रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणारा) फोर-व्हील आहे आणि मागचा डिफरन्शियल लॉकही आहे. डिफरन्शियल म्हणजे चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा; ती लॉक केली की मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मिळतो. चिखलाच्या चढावर ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून, चारही चाकांनी पकड घेत वर जाण्यातला आनंद घाटातल्या वेगापेक्षा मुळीच कमी नाही. मात्र कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळू नका. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता येत नाही आणि सगळा ताण गिअर-यंत्रणेवर येतो. उलट टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना असताना) ओल्या घाटात हलकी शेपूट घसरू शकते, तिथे पाय जपून ठेवावा. लांबी ५.३ मीटरच्या वर आहे, म्हणजे कॅम्रीपेक्षा सुमारे ४० सेंटीमीटर जास्त. साताऱ्याच्या जुन्या पेठांत ती वळवताना हे जाणवेल.

यवतेश्वर_वळण (सातारा):
दोघांचेही आभार. चिखलाचा तुकडा पावसाळ्यापुरताच आहे आणि तेवढ्यासाठी चुलतभावाची जीप मिळू शकते. त्यामुळे कल कॅम्रीकडे झुकतो आहे, तरी हायलक्स चालवून पाहिल्याशिवाय ठरवणार नाही.

कृष्णाकाठ (कऱ्हाड):
अवश्य पाहा. फक्त हौदा रिकामा असू द्या, आई-वडिलांना मागे बसवा आणि शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्याऐवजी गाडी ठोसेघरच्या वाटेवर न्या.