दादासाठी स्टेम सेल द्यायच्या आहेत, हाताच्या शिरा फार बारीक आहेत, कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार, मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. मोठ्या भावाला एएमएल आहे, ब्लड कॅन्सरच. किमो झाली, रिपोर्ट बरे आले, आता स्टेम सेलचं, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींचं ट्रान्सप्लांट करायचं म्हणतात. सख्ख्या भावंडात टिश्यू टाइप (पेशींवरच्या खुणा) पूर्ण मॅच व्हायचा चान्स चारात एक, ताईचं नाही जुळलं, माझं जुळलं, दहापैकी दहा! रिपोर्ट हातात घेऊन पार्किंगमध्येच रडले मी. रक्तगट वेगळा आहे पण तो वेगळा असला तरी चालतो म्हणे.

सोमवारपासून जीसीएसएफची इंजेक्शनं, म्हणजे स्टेम सेल वाढवून रक्तात आणणारी, रोज एक, आणि पाचव्या दिवशी मशीनवर. आईच्या डोक्यात बसलंय की मणक्यात सुई घालून काढतात, तिला दहादा समजावलं की अगं एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे ते गरगर फिरतं, लाल पेशी जड म्हणून एका बाजूला, प्लाझ्मा दुसऱ्या बाजूला आणि मधला जो पातळसा थर असतो ना पांढऱ्या पेशींचा तेवढाच पिशवीत घेतात, बाकी सगळं दुसऱ्या हातातून परत आपल्याच अंगात. तरी ती रात्री उठून माझ्या उशाशी येऊन बसते.

मला भीती वेगळीच आहे. दादाचं वजन ७४ किलो, माझं ४८. पेशी त्याच्या वजनावर मोजतात, किलोमागे कमीत कमी २० लाख सीडी-३४ पेशी (म्हणजे त्या स्टेम सेलच) लागतात, म्हणजे जवळपास १५ कोटी. माझ्यातून तेवढ्या निघतील का? त्यात शिरा अशा की साध्या ब्लड टेस्टला तीनदा टोचतात. मानेत नळी घालावी लागेल का? कोणी दिल्या असतील तर प्लीज सांगा.

प्रतिसाद (वडोदरा): ताई, मी दिल्यात बहिणीसाठी, माझंही वजन तिच्यापेक्षा कमी होतं. पहिल्या दिवशी कमी पडल्या म्हणून दुसऱ्या दिवशी परत बसवलं, मग झाल्या पुऱ्या. तेव्हा दोन दिवस मोकळे ठेवा. तिसऱ्या इंजेक्शनपासून कंबर आणि मांड्या खूप दुखतात, घाबरू नका, हाडातली मज्जा जोरात कामाला लागलेली असते, पॅरासिटामॉल चालते पण अ‍ॅस्पिरिन नको, आणि काहीही घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. मशीनवर ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा हं, रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात त्याने कॅल्शियम खाली जातं, ते देतात मग. चार-पाच तास हात हलवता येत नाही, आधी बाथरूमला जाऊन या. शिरा मात्र आत्ताच दाखवून घ्या, त्या दिवशी नको.

धागाकर्ती: खूप खूप आभार दादा. आज जाऊन शिरा दाखवल्या, उजव्या कोपराची चालेल म्हणाले, डावीचं तेव्हा बघू, नाहीच मिळाली तर नळी. आता नळीची पण भीती नाही वाटत. पिंट्या सहा वर्षांचा आहे, सारखा कडेवर घे म्हणतो, इंजेक्शनने प्लीहा सुजते म्हणून जड उचलायचं नाही असं डॉक्टर म्हणाले, किती दिवस ते विचारायचं राहिलं. तुम्हाला किती दिवस सांगितलं होतं?