मदत हवी आहे: गोटी परत टाकली तरी क्रम का मोजायचा?

भाचा बारावीला आहे, कोथरूडला आमच्याकडेच राहतो. गणित असं: पिशवीत 5 लाल, 3 हिरव्या गोट्या. एक काढायची, रंग बघून परत टाकायची, मग दुसरी. दोन्ही लाल येण्याची संभाव्यता 5/8 × 5/8 = 25/64, हे त्याला पटतं; दुसऱ्या वेळीही पिशवीत आठच गोट्या.

गाडी अडते ‘एक लाल, एक हिरवी’पाशी. तो 15/64वर ठाम, उत्तर 15/32. दोन्ही लाल 25, दोन्ही हिरव्या 9, मग 64 पैकी 30 उरले की नाही, हेही करून दाखवलं. तर म्हणतो, “मावशी, रंग शेवटी तेच ना!” (क्लासमध्ये नुसतं ‘गुणिले 2 करा’.)

शिकवणारं कोणी आहे का इथे? लाल-हिरवी आणि हिरवी-लाल वेगळे का धरायचे, हे तुम्ही मुलांना कसं पटवता?