मीट पायचा तळ आधी बघा

प्रश्न असा की शहरात एवढ्या बेकऱ्या असूनही मीट पायचा (पारीत मांसाचं सारण भरून भाजलेल्या पदार्थाचा) तळ ओलसरच का लागतो. बहुतेकदा सारण गरम असतानाच पारीत भरलं जातं. पारीतलं लोणी भाजण्याआधीच वितळतं आणि रस्सा पारीत मुरतो. "सारण थंड करून भरता का?" हे दुकानात सरळ विचारा. पाय उलटून बघा. तळ खरपूस तपकिरी आणि कोरडा हवा. फिकट, चिकट असेल तर घेऊच नका. दुकानात पाय गरम ठेवायच्या कपाटात २-३ तास राहिलेला पाय वाफेने मऊ पडतोच, म्हणून भट्टीतून निघण्याची वेळ गाठा. थंड पाय घरी आणला तर आणखी बरं: ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला, आधीच तापवलेल्या ट्रेवर, साधारण २५ मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, पारी चामट होते.