भाकड जनावर अन् एचएफचा गोऱ्हा विकायचा कुठं? प्राणी हक्कवाल्यांना आणि जनावरं पाळणाऱ्यांना, दोघांनाही विचारायचंय

देवणीवाला_उदगीर

राम राम मंडळी. विषय नाजूक हाय पण विचारल्याशिवाय राहवंना. माझी कोरडवाहू शेती, दावणीला देवणी जातीच्या बैलांची एक जोडी, दोन एचएफ म्हणजे विदेशी होल्स्टिन जातीच्या गाया अन् एक म्हैस. भाची पुण्याला शिकायलीय, तिथं ती प्राणी हक्काच्या एका ग्रुपसोबत काम करते. तिनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकले, वासराला आईपासून ओढून नेतानाचे, ट्रकमधी कोंबलेल्या जनावरांचे, अन् खाली लिहिलं की मामा दूध हे वासराचं हाय, आपण हिसकावून घेतो, हा धंदाच बंद करायला पाहिजे. मी तिच्यावर चिडलो नाही. पोरगी मनापासून बोलायलीय आणि व्हिडिओत दिसतं तसं कुठंच होत नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

पण माझी अडचण वेगळीच हाय. एचएफला गोऱ्हा झाला की त्याचं करायचं काय? त्याला वशिंड नाही, जू बसत नाही, उन्हात धापा टाकतो, औताला चालत नाही. अन् देवणीचा एक बैल आता थकलाय, खांदा आलाय त्याचा म्हणजे जू घासून सुजलाय, हात लावला की अंग आखडून घेतो. आधी असा बैल बाजारात जायचा, चार पैसे यायचे, त्यात भर घालून नवा गोऱ्हा घ्यायचा. 2015 च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानं ते थांबलं, आता हाळीच्या बाजारात नेला तरी म्हाताऱ्या बैलाला कुणी विचारत नाही आणि नेताना रस्त्यात कोण गाडी अडवंल त्याची धास्ती वेगळी. सांभाळावा म्हणलं तर कडबा कुठाय, आमच्याकडं सगळं सोयाबीन झालंय, ज्वारी कोण पेरतंय आता.

तर विचारायचं हेच की ज्या संघटना म्हणायलेत जनावर मारू नका, विकू नका, पाळू पण नका, त्यांच्या मते या दोन जनावरांचं मी नेमकं काय करावं? खरंच विचारायलोय, भांडायला नाही.

गेवराईकर_कोयता

दादा प्रश्न बरोबर हाय पण आमचं दुखणं पण ऐका. आम्ही बीडची माणसं, दिवाळी झाली की उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन साखर कारखान्याला ऊस तोडायला. बैलजोडी त्या उचलीतूनच घेतलेली असती, लाखाच्या घरात जाती जोडी. तिकडं गेलो की कुणी तरी येऊन बैलांचे फोटो काढतं, गाडी जास्त भरली, वेसण घट्ट हाय, आर म्हणजे काठीची अणी टोचली. आर टोचणं वाईटच, मी टोचत नाही अन् टोचणाऱ्याला मी फडातच झापलेलं हाय. पण गाडी जास्त का भरती ते कुणी विचारत नाही. वाहतुकीचे पैसे टनावर हायत. कमी भरली की खेप तीच, रात्र तीच, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावून तासन्तास उभं राहणं तेच, अन् पैसे कमी. उचल फिटायची कशी? बैलावरचं वजन कमी करायचं आसंल तर टनाचा दर वाढवा, मी उद्या हलकी गाडी भरतो.

सांगली सोलापूरकडं अ‍ॅनिमल राहत म्हणून संस्था हाय, त्यांचे डॉक्टर बैलांवर फुकट इलाज करतात, त्यांचं मी नाव काढीन. पण बैलगाडी बंद करून ट्रॅक्टर आणा म्हणणारे पण असतेत. ट्रॅक्टर कुणाचा राहणार? मुकादमाचा नाहीतर बागायतदाराचा. आम्ही मग नुसता कोयता, वाहतुकीचे जे काय मिळायचे ते पण गेले. बैलाची सुटका व्हावी ही माझी पण इच्छा हाय, त्याच्यासोबत राहतो राव मी पाच सहा महिने, एकाच पालाशेजारी झोपतो. पण त्याच्या सुटकेचा खर्च माझ्या एकट्याच्या पदरात टाकू नका.

मुक्ता_संभाजीनगर

मामा, मी प्राणी हक्काचं काम करते, इथं शहरात, त्यामुळे हा प्रश्न मलाच आहे असं धरून उत्तर देते. मी दूध घेत नाही आणि भाचीशी बऱ्याच अंशी सहमत आहे. गाय दूध द्यायची तर तिला तेरा चौदा महिन्यांनी वासरू हवंच आणि त्यातली निम्मी नर होणार. या निम्म्यांचं काय होतं हे दूध पिणाऱ्या कोणालाच बघायचं नसतं. एखादा शेतकरी निर्दयी म्हणून हे होत नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. नर वासराला चीक मिळत नाही, घरात खरवस होतो, वासरू हगवणीनं जातं आणि कुठंच नोंद होत नाही. म्हैस आटू नये म्हणून मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं उभं करतात, ती ते चाटते आणि पान्हा सोडते. हे मी डोळ्यानं बघितलंय आणि त्यानंतर मला दूध जाईना.

पण एक गोष्ट सगळ्यांनी वेगळी ठेवा. गोवंश हत्याबंदी ही प्राणी हक्काची मागणी म्हणून आलेली नाही. राज्याचा मूळ कायदा 1976 चा, त्यात गायीला बंदी होती, बैलाला दाखला घेऊन परवानगी होती. दुरुस्ती 1995 ला मंजूर झाली, राष्ट्रपतींची सही 2015 ला, त्यात बैल आणि वळू आले, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दहा हजारापर्यंत दंड. म्हैस या बंदीत नाही. म्हणजे मामांच्या दावणीला बैलाला एक कायदा आणि शेजारच्या म्हशीला दुसरा. वेदना तर दोघांना सारखीच. प्राण्यांचा विचार करून कायदा केला असता तर असा झाला नसता. उलट ज्या कायद्याचा प्राण्यांना खरा उपयोग व्हायला पाहिजे तो 1960 चा, क्रूरता प्रतिबंधाचा, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, आज पण. या आकड्यावर कोणी रस्त्यावर उतरत नाही, गाड्या अडवायला मात्र उतरतात. गाडी अडवणारे आणि आम्ही एक नाही, हे मी हजारदा सांगेन.

शेळीवाली_तुळजापूर

मी दोनच गोष्टी बोलते. आम्हाला जमीन नाही. उस्मानाबादी शेळ्या आहेत, बांधावर चरतात, दोन दोन करडं देतात, दवाखाना, शाळा, लग्न सगळं त्याच्यावर. दरवर्षी बकरी ईद आली की मोबाईलवर बोकडाचे फोटो फिरतात, मारू नका म्हणून. आमच्या बोकडाला वर्षातला खरा भाव त्याच आठवड्यात मिळतो, घेणारे मुसलमान अन् विकणारे बहुतेक धनगर, मराठा, दलित बायामाणसं. जत्रेत कंदुरीला, म्हणजे नवसाच्या जेवणाला, बोकड कापतात तेव्हा इतके फोटो फिरत नाहीत, तेवढं पण बघावं.

दुसरं, 2021 ला पेटा या प्राणी हक्क संघटनेनं अमूलला पत्र लिहिलं होतं की गाईम्हशीचं सोडून वनस्पतीच्या दुधाकडं वळा. तेव्हा अमूलचे त्या वेळचे प्रमुख सोढी साहेबांनी विचारलं होतं की दहा कोटी दूधवाल्यांचं, ज्यातले सत्तर टक्के भूमिहीन, त्यांचं पोट कोण भरणार. दूधवाल्या कंपनीचा माणूस आपल्याच बाजूनं बोलणार हे कळतं मला, पण प्रश्न खोटा नाही. जमीनच नाही त्यानं सोयाबीनचं दूध कुठं पिकवायचं मुक्ताताई?

पशुवैद्य_परभणी

सगळ्यांचं वाचलं. नोकरीत आहे म्हणून नाव देत नाही. देवणीवाले भाऊ, आधी कामाचं सांगतो.

एचएफच्या गोऱ्ह्यावर उपाय तो जन्मायच्या आधीच आहे. लिंग निवड केलेलं सीमेन आता मिळतं, आपल्याकडं लोक त्याला कालवडीचं सीमेन म्हणतात, साधारण शंभरातल्या नव्वद वेळा कालवड होते. गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं म्हणून पहिलारू कालवडीला आणि नीट माजावर आलेल्या निरोगी गायीलाच वापरा, वेळ चुकवू नका. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून त्याला अनुदान आहे, तुमच्या दवाखान्यात विचारा. हे एक काम प्राणी हक्कवाले आणि दूधवाले दोघांनी मिळून रेटायला पाहिजे, कारण यानं जितकी नर वासरं उपाशी मरायची वाचतील तितकी कुठल्या व्हिडिओनं वाचणार नाहीत. आणि झालाच गोऱ्हा तर पहिल्या तासा दोन तासात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे, खरवस उरला तर करा.

बैलाचा खांदा आलाय तर तो कामाला बिलकुल जोडू नका. नुसती सूज आहे का आत पू झालाय ते बघावं लागतं, पू असेल तर फोडावं लागतं, गरम तेल आणि बिब्बा लावत बसू नका, कातडी भाजून आणखी वाट लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद लोणी लावतो ते चांगलंच, पण तसा हात वर्षभर फिरला तर सूज सुरुवातीलाच कळते.

जनावर नेताना डॉक्टरचा दाखला आणि खरेदीची पावती सोबत ठेवा, 1978 च्या नियमानुसार एका ट्रकात सहाच्या वर मोठी जनावरं घालता येत नाहीत. जनावर जप्त झालं तर 2017 च्या नियमानं केस चालू असताना गोशाळेत ठेवायचा खर्चसुद्धा मालकावर येऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता माझं मत. जनावर कमावतं तोवर त्याच्या खर्चाचा प्रश्न नसतो, भांडण सगळं ते कमवायचं थांबल्यावरचं आहे. 2019 च्या दुष्काळात छावण्यांना सरकारनं मोठ्या जनावरामागं दिवसाला 90 वरून वाढवून 100 रुपये धरले. म्हणजे जनावर नुसतं जिवंत ठेवायला काय लागतं हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 2024 ला देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं, आपली देवणी आणि लाल कंधारी त्यात नावानिशी आहे, आणि देशी गायीसाठी दिवसाला 50 रुपये मंजूर केले, पण ते गोशाळांना. ज्या माणसानं तीच गाय जन्मापासून सांभाळली त्याच्या गोठ्यात ती म्हातारी झाली तर एक रुपया नाही. तो वैतागून दावं सोडतो, गाय रस्त्यावर प्लास्टिक खाते, मग गोशाळेत जाते आणि तिथं तिचं अनुदान सुरू होतं. यात जनावराचं काय भलं झालं?

देवणीवाला_उदगीर

डॉक्टर साहेब लई उपकार झाले, सीमेनचं उद्याच विचारतो. खांद्याला बिब्बा लावायला निघालो होतो, थांबलो.

ताई, तुमचं हत्याबंदीचं पटलं. 2025 च्या जुलैमधी कुरेशी म्हणजे खाटीक समाजानं जनावरं घेणंच बंद केलं होतं ना, तेव्हा आमच्याकडं बाजार कसे बसले ते बघितलं. म्हशीचं पण गिऱ्हाईक गेलं, जिला कायद्यानं बंदीच नाही. तेव्हा शेतकरी अन् खाटीक एका बाजूला होते, अन् गाडी अडवणारे दुसऱ्या. प्राणी हक्कवाले कुठं होते ते मला दिसलं नाही. भाचीला हेच सांगायचंय की तू माझ्या विरोधात नाहीस, पण माझ्या बाजूनं उभी राहा की एकदा. गाया मला जड झालेल्या नाहीत, चारा जड झालाय. थकलेल्या बैलामागं दिवसाला 50 रुपये माझ्या खात्यात आले तर मी त्याला कुठं विकतोय, त्यानं माझं शेत नांगरलंय.

मुक्ता_संभाजीनगर

मामा, ही मागणी मी आमच्या ग्रुपमध्ये मांडते, शब्द देते. अनुदान जनावराच्या कानातल्या नंबरच्या बिल्ल्यावर द्या, ते गोठ्यात असो की गोशाळेत, आणि देशी संकरित असा भेद नको. दूध नको या माझ्या म्हणण्यावर मी कायम आहे आणि तुळजापूरच्या ताईंच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही, पण आज जी जनावरं दावणीला आहेत ती मरेपर्यंत नीट जगावीत यासाठी थांबायचं कारण नाही. डॉक्टर, निवेदनात आकडे घालायला मदत कराल का?

पशुवैद्य_परभणी

करतो. चाऱ्याचा हिशोब आणि सीमेनची मागणी मी लिहून देतो, बिल्ल्याची नोंदणी आधीपासून आहेच, वेगळी यंत्रणा लागणार नाही.

गेवराईकर_कोयता

मग त्यात ऊस वाहतुकीचा टनाचा दर पण घाला. जास्त भरायची गरजच पडू नये एवढा, आणि काट्यावर बैलांना सावली अन् पाण्याचा हौद. ते कलम नसंल तर आमच्या तांड्यावरची एक पण सही मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.