कोल्ह्याचं तोंड दिसलं की अनुबिस नव्हे

प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना मृताचे अवयव काढून चार बरण्यांत ठेवत. त्यातल्या कोल्ह्याच्या डोक्याच्या झाकणाच्या बरणीला कुणी अनुबिस (ममी करण्याचा कोल्हामुखी देव) म्हणतं आणि तिच्यात हृदय ठेवत असं सांगतं. दोन्ही चूक. तो दुआमुतेफ, होरस देवाच्या चार मुलांपैकी एक, आणि त्याच्याकडे जठर. माणसाच्या डोक्याचा इम्सेती यकृत सांभाळतो, बबूनमुखी हापी फुप्फुसं, ससाण्याच्या डोक्याचा केबेहसेनुएफ आतडी. हृदय शरीरातच ठेवत, कारण मृतांचा देव ओसायरिस याच्यासमोर ते सत्याची देवी मात हिच्या पिसाशी तोलायचं असे. नाईलच्या पुराचा देव हापी वेगळा; मराठीत उच्चार सारखा होतो म्हणून घोळ होतो.

झाकणावरून ओळखताना काळही बघा. अठराव्या राजवंशात बहुतेक झाकणं माणसाच्याच डोक्याची असत, प्राण्यांची डोकी नंतर रूढ झाली. तुतनखामूनच्या (१९२२ मध्ये सापडलेल्या) थडग्यात तर चारही झाकणांवर राजाचाच चेहरा आहे. तिथे ओळखायला बरण्यांच्या पेटीभोवतीच्या चार देवी जास्त उपयोगी, कारण डोक्यावरचं चिन्ह हेच त्यांचं नाव: सिंहासन म्हणजे आयसिस (इम्सेतीची राखण), विंचू म्हणजे सेर्केत (केबेहसेनुएफची). नेफ्थिस हापीला जपते, नेइथ दुआमुतेफला.

एकविसाव्या राजवंशात अवयव गुंडाळून परत देहातच ठेवू लागले, म्हणून पुढच्या काळातल्या काही बरण्या नुसत्या भरीव दगडाच्या निघतात. त्यांना नकली समजू नका.